सातांपैकी तीन टेकड्या



मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आजीने परत येण्याआधी तीन दिवस स्वतःसाठी मागून घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते तीन दिवस बसमधून पाच देश बघण्यात न घालवता एकाच शहरात घालवावेत.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत सध्या तीन घरांना कुलूप आहे. एक आजी न्यू जर्सीला, एक मेलबर्नला, एक डब्लिनला. तिघी कामाला गेल्या आहेत, असंच म्हणावं लागेल. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा यांनी बॅगा भरून जायचं, तीन महिने मालिश-शेक-स्वयंपाक करायचा आणि येताना विमानतळावरून दोन चॉकलेटचे डबे आणायचे. परत आल्यावर विचारलं, काय पाहिलं? तर उत्तर एकच, ‘अगं, बाळ पाहिलं ना!’ बाळ पाहिलं हे खरंच मोठं आहे, पण त्या देशात नव्वद दिवस राहून घरासमोरचं सुपरमार्केट सोडून काहीच पाहायचं नाही, हा नियम कोणत्या ग्रंथात आहे?

मी मार्चमध्ये लेकीकडे आइंडहोव्हनला जातेय. हेही सोबत आहेत. मे महिन्यात विहीणबाई तिथे येतील, तेव्हा आम्ही दोघं तीन दिवस पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला जाणार आहोत. हे ठरल्यापासून मंदिरात, जिन्यात, फोनवर मला जे ऐकायला मिळालं त्याची उत्तरं एकदाच देऊन टाकते. सोबत माझ्या वहीतलं नियोजनही लिहिते, कारण आपल्या नियमांच्या बाईला उपयोगी पडेल अशी माहिती एका जागी मिळत नाही.

पहिला आक्षेप धाकट्या जाऊबाईंचा. ‘वहिनी, बाळंतपणाला चाललात की फिरायला?’ दोन्हीला. हिशेब सरळ आहे. जवळजवळ ऐंशी दिवसांचा मुक्काम, त्यातले तीन माझे. शंभरात चारसुद्धा नाहीत. पगारी माणसाला याहून जास्त सुट्टी मिळते. शिवाय नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर प्रशिक्षित बाई येते. बाळाला अंघोळ घालते, बाळंतिणीकडे बघते, घरातलं थोडंफार आवरते. त्याला ते ‘क्रामझोर्ख’ म्हणतात आणि तो खर्च बराचसा विम्यातून होतो. म्हणजे मी नसेन तर सगळं अडेल, असं काही तिथे नाही. हे ऐकून लेकीपेक्षा मीच थोडी हिरमुसले होते, ते सोडा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो धर्माच्या बाजूने आला. मंदिरातल्या एका मोठ्या मावशी म्हणाल्या, की उगाच भटकणं म्हणजे प्रमादचर्या, अनर्थदंड. तेवढ्या पैशात शिखरजी होते. मावशींचा मला आदर आहे आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंडव्रताच्या आधी दिग्व्रत आणि देशव्रत येतात, तेही बघायला हवं. दिग्व्रतात जन्मभरासाठी दहाही दिशांची मर्यादा घालून घ्यायची. देशव्रतात त्याच मर्यादेत अजून छोटी, ठरावीक काळापुरती मर्यादा. श्रावकाने पाऊलच टाकू नये असं तिथे म्हटलेलं नाही, कुठवर टाकायचं ते आधी ठरवावं आणि मग ओलांडू नये असं म्हटलंय. दिग्व्रताचे अतिचार आठवा. वरच्या, खालच्या आणि तिरक्या दिशेची मर्यादा ओलांडणं हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरवलेलं क्षेत्र वाढवणं, आणि पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे काय ठरवलं होतं तेच विसरणं. आता मला सांगा, ‘आलोच आहोत तर पॅरिसही करून टाकू’ हे क्षेत्रवृद्धीशिवाय दुसरं काय आहे? मी माझ्या सहलीला व्रत म्हणत नाही, तेवढी धिटाई माझ्यात नाही. पण एक शहर, तीन दिवस, ही आखणी मला तिथूनच सुचली.

शिखरजीबद्दल म्हणाल तर दोनदा झालं आहे, तिसऱ्यांदाही जाईन. त्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत, ते पोर्तुगालला दिलेले नाहीत.

तिसरी सूचना मात्र सगळ्यांचीच असते. आपल्या जैन ग्रुपच्या टूरने जा, स्वयंपाकी महाराज सोबत असतो, जेवणाची चिंता नाही. या टूरची चांगली बाजू मी मान्य करते. जिने चाळीस वर्षं रोज दोन वेळा चूल सांभाळली, तिला बारा दिवस कोणीतरी ताट वाढून देतं, हे लहानसहान सुख नाही. कडक नियमांच्या बाईला दुसरा मार्गही नाही. पण बारा दिवसांत पाच-सहा देश पाहून आलेल्या बायकांकडून मी जे ऐकते ते बसमधली अंताक्षरी, स्वच्छतागृहाची रांग आणि ‘फोटोत मागे आहे ते कुठलं गं?’ एवढंच. दुसरी पद्धत आपल्याआपण जाण्याची, आणि ती याहून वाईट. त्यात स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची, इलेक्ट्रिक कुकर, डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा न्यायचा, आणि बाईने सकाळी खिचडी लावून, डबे भरून, मग घराबाहेर पडायचं. संध्याकाळी परत तेच. मी म्हणते, मग मुलुंडच काय वाईट होतं? म्हणून मी लिस्बनला मुद्दाम स्वयंपाकघर नसलेली खोली घ्यायला सांगितली. ओटा दिसला की माझे हात आपोआप चालू लागतात आणि यांना आपोआप भूक लागते.

आता लिस्बनच का? हे म्हणत होते स्वित्झर्लंड. लेक म्हणत होती पॅरिस. मला लिस्बन हवं होतं, कारण त्या गावाशी आपलं घरचं नातं आहे आणि ते आपण विसरलोय. मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांना हुंड्यात दिली, हे शाळेत शिकलो. पण हुंड्यात आपण नव्हतो! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ च्या करारात इंग्रजांना मिळालं ते मुंबई बेट. साष्टी, म्हणजे आजचं मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, ही पोर्तुगीजांनी सोडली नाही. ती १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली आणि दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. म्हणजे दोनशे वर्षं या आपल्या उपनगरांचा मालक लिस्बनला बसलेला होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर आजही पोर्तुगीज मठ-चर्चचे पडके अवशेष उभे आहेत. शंकराच्या लेण्यावर त्यांनी ते बांधलं. तीन मूर्तीच्या दर्शनाला नॅशनल पार्कमध्ये जाणाऱ्या किती जणींनी ते पाहिलंय?

आणि ज्या मुलीचा हुंडा होता तिचीही गोष्ट आहे. कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा. लग्न आईने ठरवलं, कारण राजा वारला होता आणि राज्य आई चालवत होती, राणी लुईझा. १६६२ मध्ये तेवीस वर्षांची कॅथरीन लिस्बनहून जहाजाने निघाली ती परत आली १६९३ मध्ये, विधवा होऊन. आई १६६६ मध्येच गेली होती, मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. मला लहानपणी शाळेत फक्त बेटं आणि कंपनीने भरायचं वर्षाचं दहा पौंड भाडं सांगितलं होतं. लेकीकडे जायची बॅग भरताना मला त्या आईचीच आठवण येते.

त्यांचा जुना राजवाडा नदीकाठी होता. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी मोठा भूकंप झाला, मागून समुद्राची लाट आली, आणि सणामुळे चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या होत्या म्हणून आगही लागली. राजवाडा गेला, खालचं सगळं शहर गेलं. नंतर मार्किस पोंबालने तो भाग सरळ रेषेत, आखीव रस्त्यांनी बांधून काढला. राजवाड्याच्या जागेवर आज मोठा चौक आहे आणि त्याचं नाव आहे प्रासा दो कोमेर्सियो, म्हणजे वाणिज्य चौक. बी. कॉम. झालेल्या बाईने अजून कोणतं गाव निवडावं?

पण गाव डोंगराळ आहे. सात टेकड्यांचं म्हणून ते ओळखलं जातं आणि तिथूनच चौथा आक्षेप येतो, तुझे गुडघे. तर बायांनो, साओ जॉर्ज किल्ल्याची टेकडी ११० मीटरच्या आसपास आहे. पारसनाथचा डोंगर साडेतेराशे मीटरहून उंच. शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना अनवाणी केलेल्या, श्रवणबेळगोळच्या पायऱ्या दुपारच्या आत चढून उतरणाऱ्या आपल्या बायका. आपल्याला टेकडीची भीती कोणी घालू नये. वंदनेला जाणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट माहीत असते, जी पर्यटनाची पुस्तकं उलटी सांगतात. चढताना दम लागतो, गुडघे जातात ते उतरताना. पुस्तकं म्हणतात वर ट्रामने जा आणि खाली रमतगमत चालत या. मी म्हणते, वर थांबत थांबत चाला, आणि खाली येताना लिफ्ट घ्या. माझ्या फिजिओथेरपिस्ट मुलीचंही हेच म्हणणं पडलं. मुलगी म्हणजे आमच्या गल्लीतली, माझी नव्हे.

आणि लिफ्ट आहेत. किल्ल्याच्या टेकडीला खालच्या सपाट भागातून, रुआ दुस फान्केरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीतून सार्वजनिक लिफ्ट वरच्या रस्त्याला नेते. तो ओलांडून थोडं चाललं की दुसरी लिफ्ट सुपरमार्केटच्या इमारतीत आहे, ती किल्ल्याच्या बऱ्याच जवळ सोडते. दोन्हींना पैसे पडत नाहीत. समोरच्या टेकडीवर शियादो नावाचा भाग आहे, तिथे बायशा-शियादो हे मेट्रो स्टेशन इतकं खोल आहे की त्याचे सरकते जिने खालच्या बाजारातून थेट टेकडीवर काढतात. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या फलाटापर्यंत जाणाऱ्या बाईला यात नवं काही वाटणार नाही.

ट्रामबद्दल. पिवळी २८ नंबरची लाकडी ट्राम सगळ्या फोटोंत असते. मार्तीम मोनीश चौकातून सुटते, ग्रासाची चढण चढते आणि अरुंद गल्ल्यांमधून भिंतींना घासल्यासारखी जाते. दिवसा तिथे लांब रांग आणि खिसेकापूंचा सुळसुळाट. म्हणून सकाळी आठच्या आत. पर्स पुढे, पदराखाली, आपल्याला सवय आहेच. केबलवर ओढल्या जाणाऱ्या चढण-गाड्यांमध्ये मात्र मी बसणार नाही. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध, १८८५ पासूनची ग्लोरिया, ३ सप्टेंबर २०२५ ला केबल सुटून उलटली आणि १६ माणसं गेली. मला ज्याची गरज नाही त्याचा धोका मी का घ्यावा?

सात टेकड्यांपैकी मी तीन घेतल्या आहेत. किल्ल्याची, ग्रासाची आणि शियादोच्या वरच्या बैरो आल्तोची. ‘उरलेल्या चार?’ असं हे विचारतात. त्या उरतील.

चप्पल-बुटांचं नीट ऐका. तिथले फुटपाथ छोट्या चौकोनी चुनखडीच्या दगडांचे आहेत, पांढऱ्यावर काळी नक्षी. दिसायला रांगोळी, पण पिढ्यान्‌पिढ्या पाय घासून गुळगुळीत झालेले. ओले झाले की साबणच. चामडं आपण वापरत नाहीच, त्यामुळे रबरी खोलगट तळव्याचे कापडी बूट, आणि ते घरी महिनाभर वापरून मऊ केलेले. मी रोज संध्याकाळी मुलुंड स्टेशनचा पूल दोनदा चढते-उतरते. भाजी घेऊन. साडी एकच, बाकी पंजाबी ड्रेस.

आता महिना कोणता, हे मी सूर्यास्तावरून ठरवलं. टूरवाले हवामान बघतात, आपल्याला सूर्य बघायचा असतो. लिस्बनमध्ये डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिथली हॉटेलं संध्याकाळच्या जेवणाला सात-साडेसातच्या आधी चूल पेटवत नाहीत. म्हणजे हिवाळ्यात रोज संध्याकाळी उपाशी किंवा कोरडं. मेच्या मध्यात सूर्यास्त साडेआठनंतर, निवांत सातला बसून साडेसातला उठता येतं. जूनमध्ये दिवस अजून मोठा, नऊपर्यंत. पण जून नको, आणि याचं कारण आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. १२-१३ जूनला त्यांच्या सेंट अँथनीचा उत्सव असतो आणि तो महिनाभर रेंगाळतो. जुन्या आल्फामाच्या गल्लीगल्लीत, दारादारात कोळशावर मासे भाजतात. त्या धुरातून चालणं मला जमणार नाही. जुलैत चातुर्मास लागतो, तेव्हा प्रवासच नाही. उरला मे.

खाण्याचं म्हणाल तर मी आधीच सांगते, प्रतिमाधारी किंवा सोळ्यात, पिठाची मर्यादा पाळून जेवणाऱ्या बायकांसाठी हे नियोजन नाही. त्यांनी जाऊ नये. पण कंदमुळं नाहीत, अंडं नाही, रात्रीचं जेवण नाही, पाणी गाळून, एवढ्या नियमांत तीन दिवस सहज निघतात. पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका, अर्धी भाषा आपल्या स्वयंपाकघरात आहे. पाव, कोबी, काजू, अननस, चावी, बालदी, पगार, हे शब्द तिकडूनच आले, आणि सगळ्यांत कामाचा म्हणजे बटाटा! ‘सें’ म्हणजे ‘शिवाय’. ‘सें बताता’ म्हटलं की वेटरला कळतं. कांदा सेबोला, लसूण आल्यू, अंडं ओवू, मांस कार्न, मासा पैश. प्रत्येकाच्या आधी ‘सें’. लेकीने मला हे त्यांच्या लिपीत एका कार्डावर छापून दिलंय, ते नुसतं पुढे करायचं.

फसवणारे पदार्थही लिहून ठेवलेत. त्यांचं हिरवं सूप, काल्दू व्हेर्द, दिसतं पालकाचं, पण पोटात बटाटा आणि वर मांसाच्या चकत्या. जगप्रसिद्ध पिवळी नाता-पेस्ट्री अंड्याच्या बलकाची, तिच्याकडे काचेतून बघायचं. चीजचं मात्र मला छान कळलं. युरोपातलं बरंचसं पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात, म्हणून मी परदेशात चीजला हात लावत नाही. पण पोर्तुगालची सेरा दा इश्त्रेला आणि अझैताँव ही मेंढीच्या दुधाची चीज एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्याने विरजलेली असतात. खायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, निदान माहिती असू द्या. बाकी साधा पाव, ऑलिव्ह तेल, टोमॅटो, काकडी, बदाम, संत्री, आणि मेमध्ये चेरी. अंडं नाही ना, हे पावालाही विचारायचं. एक जेवण गरम हवंच वाटलं तर शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. मोझांबिकमधून आणि दीवकडून आलेल्या आपल्या गुजराती लोकांनी उभारलेलं. तिथे शाकाहारी उपाहारगृह आहे. कांदा-बटाट्याचं तिथे गुजरातीतच सांगता येईल, मुलुंडमध्ये राहून तेवढं येतंच.

इथून काय न्यायचं? मुलुंडच्या शेजारणींचे खाखरे, लसूण न घातलेलं आमच्या सांगलीकडचं भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. एवढंच. आणि हे लक्षात ठेवा, युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, दुधाची पावडर, काही नाही. पहिल्या विमानतळावर टाकून द्यावं लागेल. बाळंतिणीसाठी पाच किलो तुपाचे लाडू नेणाऱ्या आजींनी हे आधी वाचावं. डिंक न्या, तूप तिकडच्या लोण्याचं कढवा. विमानात जैन जेवण हवं असेल तर तिकिटाबरोबरच ‘व्हीजेएमएल’ हा शब्द नोंदवून घ्या, नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर बटाटाच येतो. आइंडहोव्हनहून लिस्बनला जाणारी स्वस्तातली विमानं साध्या तिकिटावर एक छोटी पिशवीच नेऊ देतात. या नियमावर हे वैतागले. मी खूश आहे. त्या पिशवीत कुकर मावत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाचा शेंगेन व्हिसा घ्यायचा, आमचा नेदरलँड्सचा. त्यावरच पोर्तुगालला जाता येतं, वेगळा लागत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. लिस्बनचा बेतही अर्जात लिहून टाका, लपवण्यासारखं काही नाही. लिस्बनमध्ये हॉटेलच्या भाड्याशिवाय माणशी रात्रीला चार युरो शहराचा कर लागतो. आम्हा दोघांचे दोन रात्रींचे सोळा युरो, म्हणजे सोळाशे रुपयांच्या वर काहीतरी. हा आकडा हॉटेलच्या जाहिरातीत बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून सांगितला.

नित्यदर्शनाचा माझा नियम आहे. लेकीच्या घरून अँटवर्पचं संगमरवरी जैन मंदिर गाडीने दीड-एक तासावर आहे, आपल्या हिरे व्यापाऱ्यांनी बांधलेलं, श्वेतांबर आहे पण दर्शनाला काय अडचण? तिथे एका रविवारी जाऊ. लिस्बनमध्ये खिशातला पार्श्वनाथांचा फोटो आणि णमोकाराची माळ. सामायिक सकाळी खोलीतच, तिथे मेमध्ये सव्वासहाच्या पुढे उजाडतं.

पहिला दिवस सपाटीवर. वाणिज्य चौक, नदीकाठ, पोंबालचे सरळ रस्ते, सरकत्या जिन्याने शियादो आणि वर बैरो आल्तोच्या टोकाची बाग, जिथून समोरचा किल्ला दिसतो. दुसरा दिवस टेकड्यांचा. पहाटेच्या ट्रामने ग्रासा, तिथून नदीपर्यंतची सगळी लाल कौलं बघायची, मग पुन्हा ट्रामनेच खाली पोर्तास दो सोलपर्यंत आणि किल्ल्याला शेवटचं चालत. भूकंपातून वाचलेलं आल्फामा वरून बघायचं, खाली उतरायचं नाही. परत लिफ्टने. दुपारी झोप. हो, झोप. पैसे भरून परदेशात दुपारी झोपायचं ही माझी अट आहे आणि ती यांनी मान्य केली आहे.

तिसरा दिवस बेलेंचा, गावापासून सहाएक किलोमीटरवर, नदीकाठी सपाट. तिथे जेरोनिमोसचा मठ आहे, १५०१ मध्ये सुरू झालेला. वास्को द गामाची कबर त्यातच आहे. बांधकामाचा पैसा आला मिरी आणि मसाल्यांच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे मलबारच्या मिरीचा त्यात मोठा वाटा. इतकी नाजूक दगडी नक्षी पाहताना आनंदही वाटेल आणि रागही येईल, अशी माझी तयारी आहे. मंडपेश्वरच्या छपरावर काय बांधलं ते माहीत असल्यावर नुसतं ‘वाह’ म्हणून बाहेर पडता येत नाही.

हा मठ सोमवारी बंद असतो, म्हणून आम्ही मंगळवारी जाऊन गुरुवारी संध्याकाळी निघतोय. तारखा विहीणबाईंना कळवल्या, तेव्हा त्या काहीतरी बोलतील म्हणून मी तयारीत होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ती वही येताना माझ्यासाठी ठेवून जा. जूनमध्ये सुनेची आई परत गेली की मलाही तीन दिवस मागायचे आहेत.’ सुनेची आई म्हणजे मीच.

त्यांना मी पहिलं पान फाडून वेगळं दिलंय. जून नको, मासे भाजतात.